रोड रेज : ठाणे–नवी मुंबईतील दुचाकीस्वारांच्या संदर्भात

रोड रेज (मार्गक्रोध). वाहन चालवताना दुसऱ्या चालकावर येणारा आणि शिवीगाळ, मुद्दाम कट मारणे, पुढे जाऊन करकचून ब्रेक लावणे, अडवून गाडीची चावी काढून घेणे किंवा मारहाण यांतून बाहेर पडणारा संताप. बेदरकार चालवणे आणि रोड रेज यांत अभ्यासक फरक करतात. बेदरकार चालकाला कोणाचीच पर्वा नसते. रोड रेजमध्ये एका ठराविक माणसाला धडा शिकवायचा असतो. पाश्चात्त्य विवेचनात हे बहुधा दोन मोटारचालकांचे भांडण म्हणून येते. मोटारसायकलवरच्या माणसासाठी ते बरोबरीचे भांडण कधीच नसते, म्हणून त्याचा वेगळा विचार करावा लागतो.

संज्ञा. ‘रोड रेज’ ही संज्ञा अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस रुळली. लॉस अँजेलिसच्या महामार्गांवर १९८७-८८ च्या सुमारास गोळीबाराचे प्रकार लागोपाठ घडले, तेव्हा तिथल्या एका दूरचित्रवाणी वाहिनीच्या वृत्तनिवेदकांनी ती वापरात आणली, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. ती त्याआधीच बोलण्यात होती की काय, याबद्दल एकमत नाही. तिचा खरा प्रसार १९९० च्या दशकातला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. वृत्ती मात्र संज्ञेहून जुनी आहे.

मराठीत ‘मार्गक्रोध’ हा घडवलेला शब्द कागदावरच राहिला. ठाण्याच्या नाक्यावर विचारले तर उत्तर मिळते, ‘खुन्नस दिली’ किंवा ‘खुन्नस काढली’. हा शब्द जुन्या ‘खुनस’चे द्वित्त झालेले रूप दिसते, मराठीतला ‘खुनशी’ त्याच कुळातला. काही जण त्याचा संबंध फारसी ‘खून’शी (रक्त) जोडतात, तर हिंदी कोशपरंपरेत तो संस्कृत ‘खिन्नमनस्’पर्यंत नेलेला आहे. सोळाव्या शतकातील अवधी काव्यात ‘खुनिस’ हे रूप रुसवा, राग अशा सौम्य अर्थाने येते. तेव्हा मूळ अर्थात रक्तपात असण्याची शक्यता कमी दिसते आणि दुसरी व्युत्पत्ती अधिक पटते. पहिलीचा लोकमानसावर प्रभाव पडला असावा. रस्त्यावरच्या प्रकाराला हा शब्द चपखल बसतो, कारण खुन्नस नेहमी नजरेतून सुरू होते.

कारणमीमांसा. येल विद्यापीठातील जॉन डोलार्ड व सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार वैफल्यातून आक्रमकता जन्मते. वाहतूक कोंडीचे स्पष्टीकरण बहुतेक वेळा याच आधारे दिले जाते. घोडबंदर रोडला ते लागू पडते. नवी मुंबईच्या पाम बीच मार्गाला पडत नाही. तिथे रस्ता सरळ आणि मोकळा असतो, कोणी खोळंबलेला नसतो, तरी दुचाकीने ओव्हरटेक केला म्हणून मागे लागणारी मोटार तिथेही भेटते. दुसरे मत निनावीपणावर भर देते : बंद काचेआडच्या माणसाला आपण ओळखले जाणार नाही याची खात्री असते. तिसरे मत असे, की चालक गाडीला स्वतःची हद्द समजतो. नोंदकाराच्या मते दुचाकीच्या बाबतीत चौथी गोष्ट निर्णायक आहे, ती म्हणजे प्रतिष्ठा. ॲन्थनी डूब आणि ॲलन ग्रॉस यांच्या १९६८ च्या कॅलिफोर्नियातील प्रयोगात हिरवा दिवा लागूनही मुद्दाम थांबलेल्या गाडीमागचे चालक किती वेळाने हॉर्न वाजवतात हे मोजले होते. पुढची गाडी जुनाट असली की हॉर्न लवकर वाजला. महागडी असली की लोक थांबले. आपल्याकडे ‘जुनाट गाडी’ची जागा दुचाकीला मिळाली आहे.

स्थानिक परिस्थिती. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर आणि जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवर दुचाकींना प्रवेश नाही. त्यामुळे शीव–पनवेल महामार्ग, ठाणे–बेलापूर रोड आणि घोडबंदर रोड यांवर त्यांना अवजड वाहनांच्या सोबतीनेच जावे लागते. उरणच्या बंदरातून निघालेला कंटेनर कळंबोली, शीळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, माजिवडा असा येऊन घोडबंदरमार्गे गुजरातकडे वळतो. त्याच्या चालकाने अनेकदा रात्र जागून काढलेली असते आणि दिवसाच्या बंदीच्या तासांत कडेला ताटकळून झालेले असते. त्याचा राग समजून घ्यायला हवा, पण त्याच्या आवाक्याबाहेर राहूनच. भरलेला ट्रेलर तीस-चाळीस टनांचा, मोटारसायकल जेमतेम सव्वाशे-दीडशे किलोची. केबिनच्या लगत डाव्या अंगाला असलेली दुचाकी चालकाला दिसतच नाही; तिथे क्लीनर पत्र्यावर थाप मारून सांगेल तेवढेच.

खटका बहुतेक वेळा आरशावरून उडतो. मेट्रो ४ च्या कामाचे पत्रे लावलेल्या पट्ट्यात, मानपाडा ते पातलीपाडा दरम्यान, दोन रांगांमधली फट हँडलपेक्षा चार बोटे जास्त असते. हँडलचे टोक मोटारीच्या आरशाला लागते, आरसा खट्ट करून मिटतो आणि काच खाली येते. पुढच्या दोन-तीन सेकंदांत सगळे ठरते. दुचाकीस्वाराने हात वर करून, मान तुकवून ‘सॉरी दादा’ म्हटले, आरसा स्वतः सरळ केला, तर काच बहुधा पुन्हा वर जाते. त्याने वळून नुसते रोखून पाहिले तर पुढच्या सिग्नलपर्यंत पाठलाग ठरलेला. चूक कोणाची, हा प्रश्न त्या क्षणी गैरलागू असतो.

हाताळणी. मागून डिपर मारत अंगावर येणाऱ्याला आरशातून वेळीच ओळखून डावीकडे जागा द्यावी. पुढे जाऊन ब्रेक मारणाऱ्या मोटारीमागे राहू नये. मोटार थांबते तेवढ्यात दुचाकी थांबत नाही, आणि ओल्या किंवा वाळू सांडलेल्या रस्त्यावर घाबरून दाबलेला पुढचा ब्रेक स्वाराला पाडतो. वेग हळूहळू कमी करून त्या मोटारीला दूर जाऊ द्यावे. पाठलाग होत असेल तर घरचा रस्ता धरू नये, सोसायटीच्या गेटवर तर मुळीच जाऊ नये. वाहतूक चौकी किंवा माणसांचा राबता असलेला पेट्रोल पंप गाठावा आणि ११२ ला फोन करावा. मुंब्रा बायपासवर किंवा गायमुख घाटात कोणी कितीही इशारे केले तरी थांबू नये. थांबणे भागच पडले तर हेल्मेट डोक्यावरच ठेवावे आणि चावी खिशात टाकावी. मागे बायको किंवा मूल बसलेले असताना उलट उत्तर देणारे स्वार रोज दिसतात. पडल्यावर आधी मागे बसलेलेच फेकले जातात, हे त्यांना कोणीतरी कळकळीने सांगायला हवे.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत दुचाकीवरचे सुमारे ४४.५ टक्के. केंद्रीय वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात कारणे अतिवेग, मद्यपान, विरुद्ध दिशेने चालवणे, सिग्नल तोडणे, मोबाइल अशी मांडलेली असतात. संतापाचा रकाना त्यात नाही.

कायदा. भारतीय कायद्यात रोड रेज हा स्वतंत्र गुन्हा नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १८४ धोकादायक चालवण्याला लागू होते. भारतीय न्याय संहितेतील (१ जुलै २०२४ पासून) कलम २८१ बेदरकार चालवण्यास, १२६ वाट अडवण्यास, ११५ इजा करण्यास लागू पडते. साधी मारहाण अदखलपात्र असल्याने पोलीस ठाण्यात ‘एनसी’वर (अदखलपात्र गुन्ह्याच्या नुसत्या नोंदीवर) बोळवण होऊ शकते, कलम २८१ मात्र दखलपात्र आहे, म्हणून तक्रारीत आधी गाडी कशी अंगावर घातली ते लिहावे. गाडी जाणूनबुजून घातल्याचे दिसले तर हत्येच्या प्रयत्नाचे कलम १०९ विचारात येते. ‘निष्काळजी’ आणि ‘हेतू’ यांतील सीमारेषेवर बरेच खटले अडतात. पतियाळा येथील डिसेंबर १९८८ च्या मारहाणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एक वर्षाची शिक्षा दिली ती मे २०२२ मध्ये.

हद्दीचा प्रश्न इथे नेहमी येतो. कळवा ठाणे आयुक्तालयात, तर लगतचे दिघा नवी मुंबईत. गायमुखच्या पुढे घोडबंदर रोड मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाकडे जातो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ती शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवली जाते. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याचे चित्रण पुरावा म्हणून चालते, पण त्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते. म्हणून मूळ मेमरी कार्ड पुसू नये, त्यावर पुन्हा चित्रण करू नये आणि गाडीचा नंबर कागदावर लगेच लिहून ठेवावा.