मॉर्गनॅटिक विवाह

युरोपातील राजघराण्याच्या पुरुषाने आपल्याहून कमी दर्जाच्या कुळातील स्त्रीशी केलेले लग्न. धर्माने आणि कायद्याने ते पूर्ण वैध असे, मात्र पत्नीला पतीचा किताब आणि मुलांना गादीचा वारसा त्यातून मिळत नसे. ही रीत जर्मन भाषिक राज्यांत सर्वांत घट्ट रुजलेली होती. रशिया आणि डेन्मार्कच्या दरबारांतही ती दिसते. विधीच्या वेळी वर वधूचा हात उजव्याऐवजी आपल्या डाव्या हातात घेई, म्हणून 'डाव्या हाताचे लग्न' असेही तिला म्हणत. क्वचित प्रकरण उलटेही असे : वधू राजघराण्यातली आणि नवरा साधा सरदार.

अशा पत्नीला राजाची रखेल समजणे चूक आहे. लग्न पाद्र्यासमोर लागे, ती हयात असताना नवऱ्याला दुसरी बायको करता येत नसे आणि मुले औरसच ठरत. आपल्या इतिहासात ज्यांना लेकावळे (रखेलीची मुले) म्हटले जाई त्यांच्याशी या मुलांची तुलना त्यामुळे जुळत नाही. ही मुले लग्नाची होती. फक्त बापाचे नाव, किताब आणि राज्य त्यांचे नव्हते.

नाव आणि नियम

मूळ लॅटिन संज्ञेतील 'मॉर्गनॅटिका' या शब्दाचा संबंध जर्मन 'मॉर्गेनगाबे'शी, म्हणजे सकाळच्या भेटीशी जोडला जातो. लग्नानंतरच्या सकाळी नवरा बायकोला काही दागिना, रक्कम किंवा जमीन देई. ही भेट स्त्रीधनासारखी तिची स्वतःची असे. डाव्या हाताच्या लग्नात बायकोचा आणि तिच्या मुलांचा हक्क त्या भेटीपाशीच संपत असे, असा या नावाचा रोख आहे.

तोलामोलाचे घराणे कोणते, हे प्रत्येक राजकुळाचे स्वतःचे कुलनियम ठरवत. नेपोलियनच्या काळात ज्या जर्मन राजांची राज्ये गेली, त्यांना १८१५ च्या जर्मन संघाच्या कायद्याने सोयरिकीपुरता बरोबरीचा दर्जा राखून दिला. म्हणजे राज्य गेलेला राजा चालत असे, पण चारशे वर्षांचा जुना जहागीरदार चालत नसे. कोण कुठे बसतो हे पाहायला 'अल्मनाक द गोथा' हे १७६३ पासून निघणारे वार्षिक होते. अल्मनाक म्हणजे पंचांग, आणि राजघराण्यांच्या लग्नात त्याचा उपयोग खरोखर पंचांगासारखाच होई. ग्रहांऐवजी त्यात घराणी पाहायची, एवढाच फरक.

यामागे नुसता कुलाभिमान नव्हता. धाकट्या भावांची मुले, त्यांची मुले असे करत वारस वाढले की राज्याचे तुकडे पडत. डाव्या हाताच्या लग्नाने धाकट्याचा संसार होई आणि वाटेकरी वाढत नसत. विधुर राजांनाही ही सोय मानवली. प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याला लुइझे राणीपासून झालेले वारस होते. तिच्या मृत्यूनंतर १८२४ मध्ये त्याने आउगुस्टे फोन हाराख हिच्याशी असे लग्न केले. तिला लीग्निट्सची प्रिन्सेस केले, राणी नाही. सावत्र मुलांच्या हक्काला धक्का लागण्याचा प्रश्नच उरला नाही.

ऑस्ट्रियात या लग्नांचा लोकांना राग येण्याऐवजी कौतुकच वाटलेले दिसते. टायरोलच्या फर्डिनांडने १५५७ मध्ये आउग्सबर्गच्या सावकार घराण्यातल्या फिलिपीने वेल्झरशी गुपचूप लग्न केले. आर्चड्यूक (ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातला राजपुत्र) योहानने १८२९ मध्ये आउसेच्या पोस्टमास्तरची मुलगी आना प्लोखल हिच्याशी लग्न केले आणि स्टायरियाच्या डोंगराळ मुलुखात तो लोकांचा आवडता झाला. सम्राटाच्या गादीशी ज्याचा संबंध दूरचा, त्याला हे परवडत असे. खुद्द वारसदारानेच हट्ट धरला तेव्हा मात्र दरबार हादरला.

फ्रांत्स फर्डिनांड आणि सोफी खोटेक

१८८९ मध्ये युवराज रुडॉल्फने मायरलिंग येथे आत्महत्या केली. १८९६ मध्ये सम्राट फ्रांत्स योझेफचा भाऊ कार्ल लुडविग वारला आणि ऑस्ट्रिया-हंगेरीच्या वारसाहक्कात त्याचा मुलगा फ्रांत्स फर्डिनांड पहिला आला. वय तिशीच्या पुढे, अविवाहित. साहजिकच उपवर मुलींच्या आयांचे डोळे त्याच्याकडे लागले. त्याच्या प्रेसबर्गच्या (आजचे ब्रातिस्लाव्हा) फेऱ्या वाढल्या तेव्हा तिथल्या आर्चडचेस इझाबेलाची खात्री पटली, की हा आपल्याच एका मुलीसाठी येतो. पुढची गोष्ट सगळे चरित्रकार सांगतात. तो एकदा टेनिसच्या मैदानावर आपले घड्याळ विसरला. इझाबेलाने झाकण उघडून पाहिले तर आत फोटो होता तो तिच्याच तैनातीतल्या सोफी खोटेकचा.

खोटेक हे बोहेमियातले जुने काउंट घराणे होते, पण बरोबरीच्या यादीत ते नव्हते. सम्राट नकारावर ठाम राहिला, पुतण्या आपल्या शब्दावर. शेवटी डाव्या हाताची तोड निघाली. २८ जून १९०० रोजी व्हिएन्नाच्या होफबुर्ग राजवाड्यात सम्राट, सगळे आर्चड्यूक, मंत्री आणि धर्मगुरू यांच्यासमोर फ्रांत्स फर्डिनांडने शपथ घेतली, की आपली पत्नी सम्राज्ञी होणार नाही आणि आपल्या मुलांना गादीवर हक्क राहणार नाही. हंगेरीच्या कायद्यात असा दुय्यम विवाह नव्हताच. तिथे राजाची बायको ती राणी. म्हणून हंगेरियन संसदेला ही शपथ वेगळ्या कायद्यात घालून घ्यावी लागली. १ जुलैला बोहेमियातील राइखश्टाट येथे लग्न लागले. सम्राट आला नाही, वराचे भाऊही आले नाहीत. आली ती सावत्र आई मारिया तेरेझा, आपल्या मुलींना घेऊन.

सोफीला होहेनबर्गची प्रिन्सेस आणि १९०९ मध्ये डचेस केले, तरी मानपानात ती शेवटचीच राहिली. दरबारी मिरवणुकीत लहानातली लहान आर्चडचेस तिच्या पुढे चाले. राजघराण्याच्या नाट्यगृहातल्या कक्षात नवऱ्याशेजारी तिला जागा नव्हती, सरकारी समारंभात त्याच्या गाडीतही नव्हती. तिच्यासाठी दुपाखी दाराची एकच फळी उघडत, असेही सांगतात. परदेशी यजमान जास्त समजूतदार निघाले. बर्लिनच्या भेटीत कैसर दुसरा विल्हेल्म याने एका लांब टेबलाऐवजी लहान लहान टेबले मांडून कोण कुठे बसणार हा पेच सोडवला असे म्हणतात. १९१३ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाकडे विंडसरलाही दोघांचे एकत्र स्वागत झाले.

मानपानाची ही काटेकोर अंमलबजावणी करणारा दरबारी अधिकारी होता प्रिन्स आल्फ्रेड मोंतेनुओवो. तो स्वतः कोण? नेपोलियनची दुसरी बायको मरी लुईझ ही ऑस्ट्रियाची आर्चडचेस. नेपोलियन वारल्यावर १८२१ मध्ये तिने काउंट नाइपर्गशी डाव्या हाताचे लग्न केले. आल्फ्रेड त्या दोघांचा नातू, आणि मोंतेनुओवो हे नाइपर्ग आडनावाचे इटालियन रूप. स्वतःच्या आजीच्या लग्नाचे ओझे सोफीच्या डोक्यावर उतरवल्यासारखा तो वागला, असे म्हणायला जागा आहे.

१९१४ च्या जूनमध्ये फ्रांत्स फर्डिनांड बॉस्नियात लष्करी कवायती पाहायला गेला. तिथून तो सारायेव्होला आला तेव्हा सोफी उघड्या मोटारीत त्याच्या शेजारी बसली होती. तारीख २८ जून, शपथेला बरोबर चौदा वर्षे. गावरिलो प्रिन्सिप या बॉस्नियन सर्ब तरुणाच्या दोन गोळ्यांनी दोघेही गेले. व्हिएन्नात शवपेट्या शेजारी शेजारी ठेवल्या, पण सोफीची पेटी खालच्या पातळीवर होती. तिच्यावर पांढरे हातमोजे आणि काळा पंखा ठेवला होता. ही खूण राण्यांची नव्हे, राजवाड्यात चाकरीला असलेल्या बायकांची. हॅब्सबर्ग राजघराण्याच्या दफनाच्या कापुचिन तळघरात सोफीला जागा मिळणार नाही हे ओळखून नवऱ्याने आधीच आर्टश्टेटेनच्या आपल्या गढीत दोघांसाठी दफनाची सोय करून ठेवली होती. गादीचा हक्क पुतण्या कार्लकडे गेला. होहेनबर्ग आडनावाची तिन्ही मुले पोरकी झाली. त्यांतल्या दोघा मुलांना १९३८ मध्ये नाझींनी डाखाऊच्या छळछावणीत टाकले.

डाव्या हाताच्या शाखा

वारशातून वगळलेल्या या शाखांना नवी आडनावे द्यावी लागत, आणि त्यांतली दोन मराठी वाचकाच्या ओळखीची आहेत.

जर्मनीतल्या हेसचा प्रिन्स अलेक्झांडर हा रशियाच्या भावी सम्राज्ञीचा भाऊ. बहिणीच्याच तैनातीतली, एका पोलिश जनरलची मुलगी युलिया हाउके हिच्याशी त्याने १८५१ मध्ये लग्न केले. हेसमधल्या एका लहान गावावरून तिला बॅटनबर्गची काउंटेस असा किताब मिळाला, पुढे १८५८ मध्ये प्रिन्सेसचा. तिचा थोरला मुलगा लुई ब्रिटिश नौदलात शिरला आणि त्याचा प्रमुख झाला. दुसरा अलेक्झांडर १८७९ मध्ये बल्गेरियाचा सत्ताधारी प्रिन्स म्हणून निवडला गेला. हेन्री व्हिक्टोरिया राणीचा जावई झाला. हेन्रीची मुलगी व्हिक्टोरिया यूजेनी ३१ मे १९०६ रोजी माद्रिदमध्ये स्पेनची राणी झाली, आणि लग्नाहून परतताना फुलांच्या गुच्छात लपवलेला बॉम्ब वरातीवर पडून तिच्या पांढऱ्या पोशाखावर रक्ताचे शिंतोडे उडाले. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये जर्मन नाव नकोसे झाले तेव्हा १९१७ मध्ये 'बर्ग'चे 'माउंट' करून बॅटनबर्गचे माउंटबॅटन झाले. भारताचा शेवटचा व्हाइसरॉय हा त्या नौदलप्रमुख लुईचा धाकटा मुलगा. ब्रिटनचा सध्याचा राजा चार्ल्स याची आजी अॅलिस ही लुईची मुलगी, म्हणजे युलिया हाउके त्याची खापरपणजी.

दुसरे नाव मुंबईत दगडावर कोरलेले आहे. गेटवे ऑफ इंडियावरचा लेख सांगतो, की ही कमान राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी भारतात उतरले त्याची आठवण आहे. या मेरीचे माहेर टेक घराणे. वुर्टेम्बर्गच्या ड्यूक अलेक्झांडरने १८३५ मध्ये क्लॉडीन रेडे या हंगेरियन काउंटेसशी डाव्या हाताचे लग्न केले, त्यातून ही शाखा निघाली. मेरी क्लॉडीनची नात. जर्मन दरबारांत टेकांच्या रक्तात खोट काढली जाई. व्हिक्टोरिया राणीला या सोवळ्याओवळ्याचे कौतुक नव्हते. तिने मेरीला नातसून करून घेतले.

इंग्लंड, १९३६

मेरीचा थोरला मुलगा युवराज एडवर्ड १७ नोव्हेंबर १९२१ रोजी मुंबईत उतरला तेव्हा शहरात हरताळ आणि दंगल उसळली होती. त्याच्या लवाजम्यात तरुण लुई माउंटबॅटन होता. याच दौऱ्यात, १९२२ च्या फेब्रुवारीत दिल्लीला, माउंटबॅटनने एडविना अॅश्लीला मागणी घातली. एडवर्डचे लग्न मात्र लांबत गेले.

१९३६ मध्ये आठवा एडवर्ड राजा झाला आणि दोन नवऱ्यांशी फारकतीपर्यंत आलेल्या वॉलिस सिम्प्सन या अमेरिकन बाईशी लग्न करण्याचा हट्ट धरून बसला. तिला राणी न करता डाव्या हाताचे लग्न लावावे, असा तोडगा त्याच्या बाजूच्या मंडळींनी काढला. इंग्लंडच्या कायद्यात मात्र नवऱ्याचा दर्जा बायकोला आपोआप मिळतो. असे लग्न लावायचे तर संसदेला खास कायदा करावा लागला असता. पंतप्रधान बाल्डविनने मंत्रिमंडळाला आणि स्वायत्त वसाहतींच्या (डोमिनियनांच्या) सरकारांना विचारले आणि नकार कळवला. डिसेंबरात एडवर्डने गादी सोडली. ज्याला ही वाट नाकारली त्याची पणजी क्लॉडीन याच वाटेने सासरी गेली होती, हे कोणी बोलून दाखवले असेल असे वाटत नाही. पुढच्या मे महिन्यात राजाज्ञा निघाली, की 'हिज रॉयल हायनेस' हा मान एडवर्डचा एकट्याचा, बायकोला नाही. ३ जून १९३७ रोजी फ्रान्समध्ये लग्न झाले. इंग्लंडला जे लग्न माहीत नाही असे सहा महिन्यांपूर्वी सांगितले गेले होते, व्यवहारात ते हेच.

लोप

१९१८ नंतर जर्मनी-ऑस्ट्रियातली राज्येच गेली. उरलेल्या राजघराण्यांत सरकारची किंवा राजाची परवानगी एवढाच निकष राहिला. नॉर्वेच्या युवराज हाराल्डने कापड व्यापाऱ्याची मुलगी सोन्या हिच्यासाठी नऊ वर्षे वाट पाहून १९६८ मध्ये लग्न केले, आणि ती पूर्ण मानाची राणी झाली.

स्वीडनमध्ये मधली वाटही नव्हती. सामान्य घरातली मुलगी केली की राजपुत्राचा किताब आणि वारसा दोन्ही जात. लेनार्ट (१९३२) आणि सिग्वार्ड (१९३४) यांचे असेच गेले. त्यांच्या पिढीतल्या बर्टिलला युद्धकाळात लंडनमध्ये लिलियन क्रेग भेटली. १९४७ मध्ये त्याचा थोरला भाऊ विमान अपघातात गेला. भावाचा मुलगा कार्ल गुस्ताफ तेव्हा वर्षाचाही नव्हता, आणि तो मोठा होण्याआधीच म्हातारा राजा गेला असता तर राज्य सांभाळायला वारसाहक्क शाबूत असलेला काका हवा होता. बर्टिल आणि लिलियन लग्नावाचून एकत्र राहिले. कार्ल गुस्ताफ १९७३ मध्ये गादीवर आला. १९७६ च्या जूनमध्ये त्याने स्वतःच सिल्व्हिया सोमरलाट या राजघराण्याबाहेरच्या मुलीशी लग्न केले, आणि काकालाही परवानगी दिली. ७ डिसेंबर १९७६ रोजी ड्रॉटनिंगहोमच्या राजवाड्यातील चर्चमध्ये बर्टिल-लिलियनचे लग्न लागले. वर चौसष्ट वर्षांचा होता, वधू एकसष्ट.