करुणा, भय आणि एक हजार द्राख्मांचा दंड

इ. स. पूर्व ४९४ मध्ये पर्शियनांनी आशिया मायनरच्या किनाऱ्यावरचं मिलेटस हे ग्रीक शहर घेतलं. बहुतेक पुरुष मारले, बायकामुलांना गुलाम केलं. मिलेटसकर म्हणजे अथेन्सवाल्यांचे भाऊबंद. त्यांच्या बंडाला अथेन्सने वीस जहाजं धाडली होती आणि नंतर अंगही काढून घेतलं होतं. पुढे फ्रिनिकस या नाटककाराने याच विषयावर शोकांतिका केली. इतिहासकार हिरोडोटस सांगतो, सगळं प्रेक्षागृह रडलं. बक्षीस राहिलं बाजूला, फ्रिनिकसला एक हजार द्राख्मा दंड झाला आणि हे नाटक पुन्हा कोणी करायचं नाही, असा हुकूम निघाला. गुन्हा काय, तर घरचं दुःख आठवून दिलं.

कॅथार्सिसची, म्हणजे शोकांतिका पाहून होणाऱ्या भावनांच्या विरेचनाची, चर्चा सहसा अ‍ॅरिस्टॉटलपासून सुरू करतात. मला ती या दंडापासून करावीशी वाटते. कारण पुढच्या नाटककारांनी अंतर राखलेलं दिसतं. एस्किलसचं ‘पर्शियन्स’ इ. स. पूर्व ४७२ चं, म्हणजे ग्रीकांनी पर्शियनांना हरवलं ती सलामिसची लढाई होऊन आठच वर्षं झालेली. पण रंगमंचावर आहे पर्शियन राजधानी सुसाचा राजवाडा, आणि टाहो फोडतात ते हरलेले पर्शियन. त्याला पहिलं बक्षीस मिळालं! बाकीच्यांनी बहुतेकदा थीब्ज, आर्गॉसची जुनी राजघराणी धरली.

प्लेटोला हे रडणंच खुपत होतं. परक्याच्या दुःखावर अश्रू ढाळायची सवय लागली, की स्वतःवर वेळ आल्यावर माणूस सावरत नाही, अशी ‘रिपब्लिक’मधली त्याची तक्रार. शिष्य अ‍ॅरिस्टॉटल उलट म्हणतो: करुणा आणि भय जागवूनच शोकांतिका त्यांचं विरेचन करते. ते नेमकं कसं, हे मात्र गुलदस्त्यात. ‘राजनीती’त संगीताबद्दल बोलताना तो सांगतो, की याचा खुलासा काव्याच्या विवेचनात करू, पण हाती असलेल्या ‘काव्यशास्त्रा’त तो खुलासा नाही. १८५७ मध्ये जर्मन अभ्यासक याकोब बर्नाइसने वैद्यकीय अर्थ लावला: भावना शुद्ध होत नाहीत, साचलेल्या भावनांचा निचरा होतो. वाद अजून मिटलेला नाही.

त्यापेक्षा अ‍ॅरिस्टॉटलच्याच ‘वक्तृत्वशास्त्रा’तला एक दाखला जास्त बोलका आहे. इजिप्तच्या एका राजाच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलाला मारायला नेलं, तेव्हा त्याने टिपूस गाळलं नाही. मित्राला भीक मागताना पाहिलं आणि त्याला रडू फुटलं. अ‍ॅरिस्टॉटलच्या मते मुलाचं मरण भयंकर होतं, आणि इतकं जवळचं भयंकर करुणेला हुसकावून लावतं. पण अगदीच परकं असूनही चालत नाही. आपल्यावर किंवा आपल्या माणसांवर येईल अशी धास्ती ज्या संकटाची वाटते, तेच दुसऱ्यावर कोसळलं की आपण कळवळतो.