सीएसएमटी गॉथिक, जीपीओ इंडो-सारासेनिक: फोर्टच्या हेरिटेज वॉकमध्ये फरक ओळखायचा कसा

मुंबईच्या फोर्ट भागात हेरिटेज वॉकला पहिल्यांदा आलेल्यांना सीएसएमटी स्टेशन आणि शेजारचं जीपीओ, म्हणजे मुख्य टपाल कार्यालय, एकाच घराण्यातलं वाटतं. दोन्ही दगडी, दोन्हींवर घुमट, दोन्ही इंग्रजांच्या काळातल्या. प्रत्यक्षात सीएसएमटी व्हिक्टोरियन गॉथिक आहे, म्हणजे युरोपातल्या मध्ययुगीन चर्चच्या वळणाचं, आणि जीपीओ इंडो-सारासेनिक, म्हणजे इंग्रजांनी भारतीय-इस्लामी वास्तुकलेवरून घेतलेल्या शैलीतलं. गाईड ही नावं भराभर सांगून पुढे जातो आणि तिसऱ्या इमारतीपाशी सगळी सरमिसळ होते.

घोळ होण्याची कारणं तीन. टोकदार कमान दोन्ही शैलींत असते. घुमटही दोन्हींत सापडतो. आणि मालाडचा पिवळसर दगड किंवा कुर्ल्याचा दगड दोन्हींना वापरलेला आहे, त्यामुळे रंगावरून काहीच कळत नाही. या तीन खुणा आधी डोक्यातून काढून टाका.

त्याऐवजी छज्जा शोधा. भिंतीबाहेर आलेला, तोड्यांवर (भिंतीतून पुढे आलेल्या दगडी आधारांवर) पेललेला आणि खाली आडवी सावली पाडणारा दगडी छज्जा दिसला, की बहुधा इंडो-सारासेनिक. ऊन आणि पाऊस अडवायची ही इथली जुनी रीत गॉथिकमध्ये नाही. तिथे सगळी ओढ वरच्या दिशेनं: उतरती छपरं, त्रिकोणी माथे, टोकदार सुळके, पावसाचं पाणी भिंतीपासून लांब फेकणारी पशुमुखं.

मग कोरीवकाम पाहा. गॉथिक इमारतीवर प्राणी, पक्षी, पानं आणि माणसांचे चेहरे दाटीनं असतात. विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या समाजांतल्या माणसांचे पुतळे आहेत. हायकोर्टात तराजू धरलेलं एक डोळा झाकलेलं माकड आहे. सीएसएमटीच्या फाटकावरचा सिंह ब्रिटनचा आणि वाघ भारताचा. जीपीओवर किंवा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयावर अशी जत्रा नाही. तिथे भर आहे तो जाळ्या, भौमितिक नक्षी आणि खांबांवरच्या छोट्या घुमट्यांवर, म्हणजे छत्र्यांवर.

कमानच पाहायची तर तिचं टोक सोडा, कड पाहा. गॉथिक कमान एकात एक शिरलेल्या पट्ट्यांनी आत खोल जाते आणि बाजूला बारीक खांबांचे झुबके असतात. इंडो-सारासेनिक कमानीच्या कडेला बऱ्याचदा महिरप असते आणि तिच्याभोवती सपाट आयताकृती चौकट. घुमटाचंही तसंच. सीएसएमटीचा घुमट अष्टकोनी आणि ठळक फासळ्यांचा, माथ्यावर ‘प्रगती’चा पुतळा. जीपीओ आणि वस्तुसंग्रहालयाचे घुमट गोल; जीपीओचा विजापूरच्या गोलघुमटावरून घेतला आहे.

सालं माहीत असली की काम निम्मं होतं. 1860च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात किल्ल्याची तटबंदी पाडली गेली आणि नव्या इमारतींना जागा मिळाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि इंग्लंडमध्ये गॉथिकचीच चलती होती. हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर 1878चे. सीएसएमटीचं काम त्याच वर्षी सुरू होऊन दहाएक वर्षं चाललं. पुढे सरकारी इमारतीला इथल्या मातीचं रूप असावं हा विचार जोर धरू लागला. जॉन बेगचं जीपीओ 1913मध्ये पूर्ण झालं, जॉर्ज विटेटचं वस्तुसंग्रहालय 1914मध्ये, त्याचाच गेटवे ऑफ इंडिया 1924मध्ये. म्हणजे फोर्टपुरता ढोबळ नियम असा की 1900च्या आधीचं गॉथिक, नंतरचं इंडो-सारासेनिक. हा नियम बडोद्याला किंवा चेन्नईला नेऊ नका. तिथे इंडो-सारासेनिक बरंच आधी पोचलं होतं.

खरा सापळा सीएसएमटीसमोर आहे: महापालिकेचं मुख्यालय, 1893. याचे घुमट सरळसरळ पौर्वात्य, म्हणून अनेक जण ते इंडो-सारासेनिक ठरवून मोकळे होतात. पण वास्तुकार सीएसएमटीचाच, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स. गंमत म्हणजे या जागेसाठी रॉबर्ट चिझम या दुसऱ्या वास्तुकाराचा इंडो-सारासेनिक आराखडाही आला होता. तो मागे पडला आणि स्टीव्हन्सचा गॉथिक पसंत झाला. अशा मिश्र इमारतीत घुमट हातानं झाकून उरलेला भाग पाहावा. खिडक्या, कमानी, पुतळे गॉथिक असतील तर इमारत गॉथिक, टोपी काहीही असो.

युनेस्कोच्या 2018च्या यादीचं नावही गोंधळ वाढवतं. त्यात ‘व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको’ (ही विसाव्या शतकातली नंतरची शैली) एवढंच आहे, पण त्या क्षेत्रात इंडो-सारासेनिक वस्तुसंग्रहालयही येतं. सीएसएमटी 2004पासून स्वतंत्रपणे यादीत आहे.

फेरी दुपारी चारच्या सुमारास सुरू करा. सीएसएमटीचा दर्शनी भाग आणि ओव्हल मैदानाकडच्या हायकोर्ट-विद्यापीठाच्या बाजू पश्चिमेला आहेत. सकाळी सूर्य त्यांच्या मागे असतो, कोरीवकाम काळं पडतं आणि फोटो वाया जातात. दुर्बीण घ्या, कारण बऱ्याच मूर्ती खूप उंचावर आहेत. आठवड्याच्या कामाच्या दिवशी फुटपाथवर थांबून वर पाहणं कठीण. रविवार बरा, मात्र आत जायचं असेल तर त्या दिवशी काय उघडं आहे ते आधी विचारा.

क्रम सीएसएमटी, महापालिका, जीपीओ, मग ओव्हल, शेवटी काळा घोडा. तिथे डेव्हिड ससून वाचनालय (1870) गॉथिक आणि दोन मिनिटांवर वस्तुसंग्रहालय, त्यामुळे ताडून पाहायला याहून चांगली जागा नाही. वेळ उरला तर गेटवे. तिथे मात्र घुमटाच्या खुणेचा उपयोग नाही, कारण जवळ उभं राहिलं की तो दिसतच नाही. सोळाव्या शतकातल्या गुजराती धाटणीच्या जाळ्या आणि तोडे पाहा, तेही शहराकडच्या बाजूनं. समुद्राकडची बाजू संध्याकाळी सावलीत जाते.