शेक नव्हे, करंट

सोलापुरात यंत्रमागावर पाळीभर उभ्या राहणाऱ्याची कंबर धरते, मांडीवर सूप घेऊन बिड्या वळणाऱ्या बाईची मान आखडते. मग फिजिओथेरपी होते आणि घरी सांगितलं जातं, ‘शेक घेऊन आलो.’ पॅडमधून येणाऱ्या त्या मुंग्यांत शेक नसतो. ती वीज असते. तिची कामं दोन, दुखणं दाबणं आणि स्नायू हलवणं, आणि दोन्हींचा इतिहास वेगळा आहे.

दुखण्याचा इतिहास फार जुना. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीवर आणि गाउटवर, म्हणजे सांध्यांच्या एका सुजऱ्या दुखण्यावर, विजेचा झटका देणारा जिवंत टॉर्पेडो मासा वापरायला सांगे. अंग बधिर होई, आराम पडे. त्यामागचं पटण्याजोगं स्पष्टीकरण मिळायला १९६५ उजाडलं. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या संशोधकांनी मांडलं की मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. स्पर्शाचे संदेश आणणारे जाड तंतू जागे झाले की वेदनेच्या संदेशांसाठी ते बंद होतं. ठेच लागल्यावर आपला हात आपोआप तिथे चोळायला जातो, तसंच. या सिद्धांताचे बारकावे पुढे बदलले, पण दुखणं दाबायला त्वचेवरून करंट देणाऱ्या आजच्या ‘टेन्स’ यंत्रामागे हाच विचार आहे.

स्नायूंची गोष्ट इटलीतल्या बोलोन्या शहरात सुरू होते. तिथल्या गॅल्व्हानी या शास्त्रज्ञाने १७९१ मध्ये विजेने बेडकाचा पाय आखडतो, हे प्रसिद्ध केलं. १८५५ मध्ये फ्रान्सच्या ड्यूशेन या डॉक्टरने त्वचेवरून एकेक स्नायू वेगळा उत्तेजित करण्यावर ग्रंथ लिहिला.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते १९६१ चं काम. अर्धांगवायूनंतर अनेकांचं पाऊल लोंबतं, चालताना बोटं जमिनीला घासतात. अमेरिकेत लिबरसन या डॉक्टरांनी अशा रुग्णाच्या बुटात टाचेखाली स्विच बसवला. टाच उचलली की गुडघ्याजवळच्या नसेला करंट मिळे आणि पाऊल वर येई.

हा करंट चालत्या माणसासाठी होता. आपल्याकडे मात्र पॅड लावून निपचित पडून राहायचं, एवढंच अनेकांना ठाऊक असतं. पेसमेकर असेल तर ते आधी सांगायलाच हवं. आणि पॅरालिसिसनंतर स्नायूंसाठी करंट घेत असाल, तर फिजिओला जरूर विचारा: ‘करंट आला की मीही पाऊल उचलायचा प्रयत्न करू का?’