'गोळी लागली ते कळलंच नाही' : लढाईत फौजीच्या शरीराचं काय होतं?

माढा, सांगोला, बार्शी, मंगळवेढा, कुठल्याही बाजूला जा. सोलापूर जिल्ह्यात एकही फौजी नसलेलं गाव सापडणं अवघड. पेन्शनीवर आलेल्या या माणसांना गाव सरसकट 'मेजर' म्हणतं, मग हुद्दा नाईकाचा असो की हवालदाराचा. 26 जानेवारीला शाल-श्रीफळ होतं, 'दोन शब्द सांगा' असा आग्रह होतो. पण मेजर जे खरोखर घडलं ते सांगू लागले की समोर चुळबुळ सुरू होते. गोळी मांडीतून आरपार गेली, पण काही कळलंच नाही बघा. स्वतःचीच रायफल चालत होती, पण आवाज येत नव्हता. सगळं कसं सावकाश चाललं होतं. शेजारचा जोडीदार कधी पडला ते आठवत नाही, पण त्याच्या बुटाची सुटलेली नाडी अजून डोळ्यांपुढे आहे.

ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारा रंगवून सांगतोय. तो रंगवून सांगत नसतो. दुसऱ्या महायुद्धापासून आजवर शरीर आणि मेंदू यांच्यावर जे संशोधन झालं, त्याने या विचित्र वाटणाऱ्या तपशिलांना एकामागून एक दुजोरा दिला आहे. पायदळातल्या साध्या जवानाचा शब्द सिनेमातल्या लढाईपेक्षा विज्ञानाच्या कितीतरी जवळ जातो.

आधी भीतीचं बोलू, कारण त्याबद्दल फौजी सहसा बोलत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने समाजशास्त्रज्ञ सॅम्युएल स्टाउफर यांच्या चमूकडून जवानांच्या मोठ्या पाहण्या करून घेतल्या. त्या 1949 साली प्रसिद्ध झाल्या. पॅसिफिकमध्ये लढलेल्या एका डिव्हिजनच्या जवानांना, गोळीबाराखाली असताना शरीराला काय झालं, असं विचारलं होतं. छाती जोरजोरात धडधडल्याचं 84 टक्क्यांनी सांगितलं. निम्म्याहून जास्त जणांना कापरं भरलं होतं. आणि पाचातल्या एकाने, शौचावरचा ताबा सुटला होता, असं कबूल केलं. हे सगळे लढून आलेले, जागा न सोडलेले जवान होते.

कारण अगदी शारीरिक आहे. धोका जाणवला की मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथींतून अ‍ॅड्रिनलिन रक्तात येतं. हृदयाचे ठोके वाढतात, त्वचेतलं आणि पोटातलं रक्त मांड्या-दंडांच्या स्नायूंकडे वळतं. तोंडाला कोरड पडते, घाम सुटतो, आतडी आणि मूत्राशय यांच्यावरचा रोजचा ताबा ढिला पडतो. बारीक काम करणारी बोटं जड होतात. म्हणून तर ट्रेनिंग सेंटरवर रायफलचं 'खोलना-जोडना' डोळ्यांवर पट्टी बांधूनसुद्धा जमेपर्यंत करून घेतात. शेकडो वेळा केलेली हालचाल मेंदूच्या अशा भागांत मुरते जिथे ती विचारावाचून होते. भीतीने विचार थिजला तरी हात चालू राहतात. रिक्रूटला तेव्हा तो नुसता रगडा वाटतो.

आता गोळीचं. 1944 साली इटलीतल्या अँझिओच्या आघाडीवर हेन्री बीचर नावाचे अमेरिकी भूलतज्ज्ञ काम करत होते. गंभीर जखमी होऊन आलेल्या 215 जवानांना त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: दुखतंय का, वेदनाशामक हवं का? कुणाचं हाड मोडून बाहेर आलेलं, कुणाच्या पोटात गोळी. तरी जवळपास तीन चतुर्थांश जणांनी औषध नको म्हणून सांगितलं. ते बधिर झाले होते म्हणावं तर तसंही नव्हतं. त्याच माणसांना शिरेत सुई नीट टोचली नाही की ते इतर कुणाहीसारखे कळवळत. पुढे बीचर यांनी नागरी रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांनाही हाच प्रश्न विचारला. त्यांच्या जखमा स्वच्छ आणि बेतशीर होत्या, तरी त्यांच्यातल्या 80 टक्क्यांहून जास्त जणांनी औषध मागितलं.

बीचर यांचं म्हणणं असं होतं की वेदना जखमेच्या आकारावर ठरत नाही, जखमेचा अर्थ काय यावर ठरते. शस्त्रक्रियेच्या रुग्णासाठी जखम म्हणजे संकटाची सुरुवात. खंदकातून उचलून आणलेल्या जवानासाठी तीच जखम म्हणजे संकटातून सुटका: आपण जिवंत आहोत आणि आता घरी जाणार आहोत.

हे शरीरात घडतं कसं, त्याचा उलगडा नंतरच्या तीस वर्षांत होत गेला. 1965 मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी असा सिद्धांत मांडला की वेदनेचे संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत जणू एक फाटक लागतं आणि ते उघडायचं की लोटायचं यात मेंदूचाही हात असतो. 1975 मध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांना मेंदूतच तयार होणारी अफूसारखी रसायनं सापडली, त्यांना एनकेफॅलिन म्हणतात. जिवावर बेतलं की मध्यमेंदूच्या गाभ्यातून खाली हुकूम सुटतो, ही रसायनं कामाला लागतात आणि मांडीकडून आलेली वर्दी मज्जारज्जूतच थोपवली जाते. पळायचं किंवा लढायचं असताना लंगडत बसणारा प्राणी वाचत नाही, म्हणून ही सोय. अर्थात ती कायमची नसते. धोका टळला, स्ट्रेचरवर घेतलं, की काही तासांनी जखम आपला सगळा हिशेब मागते. 'तेव्हा काही नाही, पण रात्री हॉस्पिटलात जीव नकोसा झाला' हे मेजरांचं पुढचं वाक्यही तितकंच खरं असतं.

आवाजाची गोष्ट जरा वेगळी आणि जास्त क्रूर आहे. ऐन चकमकीत आवाज दबल्यासारखे होतात किंवा येतच नाहीत, असं गोळीबारात सापडलेले पोलीसही सांगतात. त्यांच्यावरच्या अभ्यासांत बहुसंख्यांनी हाच अनुभव नोंदवला आहे. मेंदू सगळं लक्ष डोळ्यांसमोरच्या धोक्यावर लावतो आणि कानांकडून येणारी माहिती बाजूला टाकतो. पण मेंदूने ऐकलं नाही तरी कानाने ते सोसलेलं असतं.

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या शेडमध्ये उभे राहून पाहा. चादरी-टॉवेलांचे माग एकदम चालू असले की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. आवाज साधारण 100 डेसिबलच्या घरात असतो. रायफल चालवणाऱ्याच्या कानाशी ध्वनीचा धक्का 160 डेसिबलच्या आसपास जातो. आकडे जवळचे वाटतात, पण डेसिबलचं माप तसं सरळ नाही. दर 20 डेसिबलला ध्वनीचा दाब दहापट होतो. म्हणजे मागाच्या खडखडाटापेक्षा गोळीचा दाब हजारपट, तोही कानापासून हातभर अंतरावर.

मोठा आवाज आला की मधल्या कानातले दोन चिमुकले स्नायू आखडतात आणि आत जाणारा धक्का कमी करतात. पण त्यांना आखडायला निदान 25 मिलिसेकंद लागतात आणि गोळीचा मुख्य धक्का त्याआधीच आत पोचलेला असतो. अंतर्कर्णात शंखाच्या आकाराच्या नळीत सुमारे 15 ते 16 हजार केसपेशी असतात, आवाजाचं संदेशात रूपांतर करणाऱ्या. काढणीला आलेली ज्वारी वाऱ्यापावसात लोळावी तसे त्यांचे केस झोपतात. थोडक्यात निभावलं तर काही तासांत उभे राहतात. ताट मोडलं असेल तर संपलं. माणसात या पेशी पुन्हा उगवत नाहीत.

आधी जातात त्या उंच स्वराच्या पेशी. स, श, फ, थ असे आवाज पुसट होतात, बायकांचं आणि लहान मुलांचं बोलणं तुटक वाटतं, तर गाडीचा हॉर्न मात्र व्यवस्थित ऐकू येतो. मग घरात बोललं जातं, 'यांना पाहिजे तेवढंच ऐकू येतं.' हा आरोप ऐकला की मला फार वाईट वाटतं. त्यांना खरोखरच तेवढंच ऐकू येत असतं. त्यात कानात अखंड 'सूंऽऽ' असा नाद असतो तो वेगळाच: कानाकडून काही येईना की मेंदू आपली संवेदनक्षमता वाढवत नेतो आणि स्वतःचाच गोंगाट ऐकू लागतो.

वेळ सावकाश चालल्याचं काय? अमेरिकेत डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी 2007 साली एक धाडसी प्रयोग प्रसिद्ध केला. स्वयंसेवकांना 31 मीटर उंचीवरून खाली जाळीत पाडलं. पडून झाल्यावर प्रत्येकाने स्वतःचं पडणं इतरांच्या पडण्यापेक्षा सरासरी 36 टक्के जास्त वेळ चाललं असं सांगितलं. पण त्यांच्या मनगटावर जे अतिवेगाने बदलणारे आकडे लावले होते, ते पडताना वाचता आले का? नाही. म्हणजे त्या क्षणी मेंदू जास्त वेगाने पाहत नव्हता. त्या क्षणाची आठवण दाट साठवली गेली आणि मागे वळून पाहताना ती लांब वाटली.

दाट असली तरी ती पूर्ण नसते. अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षणात, शत्रूच्या ताब्यात सापडल्याचं नाटक करून जवानांची कठोर उलटतपासणी केली जाते. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशी तपासणी समोर बसून करणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी रांगेतून ओळखायला सांगितलं, तर निम्म्याहूनही कमी जवानांना तो ओळखता आला. अतितणावात मेंदू एखाद्या तपशिलाला घट्ट धरतो आणि भोवतालचं सोडून देतो. बुटाची नाडी राहते, घटनांचा क्रम निसटतो. म्हणून दोन जोडीदारांनी एकाच रात्रीची हकीगत वेगवेगळी सांगितली तर त्यातला एक खोटा ठरत नाही.

जखमी जवानाचा पुढचा प्रवास ज्यांनी बदलला त्या डॉक्टरांच्या मालिकेत एक सोलापूरकर आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. 1910 साली इथे जन्मले, मुंबईत शिकले, आणि 1938 मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले. भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक आपण पाहिलेलं असतं, पण ते तिथे नेमकं काय करत होते याचा विचार सहसा होत नाही. माओच्या कम्युनिस्ट फौजेतले, म्हणजे आठव्या मार्ग सेनेतले जखमी बहुतेक शेतकऱ्यांची पोरं, पायदळाचे शिपाई. एका लांबलेल्या लढाईत कोटणीसांनी सलग 72 तास झोप न घेता शस्त्रक्रिया केल्याची नोंद आहे. पुढे ज्या रुग्णालयाचे ते संचालक झाले त्याला नॉर्मन बेथून यांचं नाव होतं; जखमीची वाट पाहत न बसता सर्जनने आघाडीजवळ गेलं पाहिजे, हे त्या कॅनेडियन डॉक्टरांनी आधी स्पेनमध्ये आणि मग चीनमध्ये करून दाखवलं होतं. 9 डिसेंबर 1942 ला कोटणीस गेले, अवघ्या 32 व्या वर्षी.

आघाडीजवळ का, याचं उत्तर रक्तात आहे. माणसाच्या अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त असतं. धडधाकट जवानाचं शरीर एक-दीड लिटर जाईपर्यंत रक्तवाहिन्या आवळून, हृदयाचा वेग वाढवून दाब सांभाळत राहतं. तो बोलतो, पाणी मागतो, 'मी ठीक आहे' म्हणतो. आणि मग दाब एकदम कोसळतो. मांडीची मुख्य धमनी तुटली तर हे सगळं काही मिनिटांत होतं. तेव्हा कुठलाही डॉक्टर पोचत नाही. पोचतो तो शेजारचा बडी, आणि त्याच्या हातातली पट्टी. रक्त थांबवायला करकचून बांधायचा पट्टा, म्हणजे टूर्निके, मधल्या काळात बदनाम होता, इराक-अफगाणिस्तानच्या युद्धांपासून तो पुन्हा जवानाच्या खिशात आला.

कारगिलमध्ये यात थंडीची भर होती. तोलोलिंग 15 हजार फुटांच्या आसपास, टायगर हिल त्याहून उंच. अशा ठिकाणी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो. साडेचारशे मीटर उंचीच्या, 44 अंशांचा उन्हाळा सोसलेल्या सोलापूरच्या पोराने तिथे रात्री पाठीवर ओझं घेऊन चढायचं. जखमी पडला की अंग गार पडतं, अंग गार पडलं की रक्त गोठवणारी विकरं (एन्झाइम) मंदावतात, रक्त थांबत नाही आणि अंग आणखी गार पडतं. स्ट्रेचर खाली यायला कित्येक तास. उंचीच्या आजारांवरचं जगातलं एक पायाभूत काम आपल्याच लष्करी डॉक्टरांचं आहे, हेही इथे सांगायला हवं: इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी 1,925 जवानांवरच्या निरीक्षणांचा अहवाल 1969 साली प्रसिद्ध केला. आज जवानाला टप्प्याटप्प्याने, एकूण चौदा दिवस उंचीची सवय करून मगच वर पाठवतात, त्यामागे 1962 च्या चीन युद्धात मोजलेली किंमत आहे.

राहिली ती नंतरची वर्षं. 1915 मध्ये चार्ल्स मायर्स यांनी 'शेल शॉक' हा शब्द छापला, तेव्हा पुष्कळांना तो भित्र्यांचा बहाणा वाटला. 1980 मध्ये आघातोत्तर तणाव विकार (पीटीएसडी) म्हणून तो अधिकृत निदानांत आला. यात धोक्याची वर्दी देणारी मेंदूतली यंत्रणा लढाई संपल्यावरही खाली उतरत नाही. आठवणीला 'हे त्या वेळचं, ते संपलं' असा काळाचा शिक्का नीट बसत नाही. मग सोलापुरात संक्रांतीच्या गड्डा यात्रेला होम मैदानावर शोभेचं दारूकाम सुरू झालं की सगळं गाव वर बघतं आणि एखादा फौजी घरात दार लावून बसतो. त्याला कळत असतं की हे दारूकाम आहे. पण अंगाला ते कळायच्या आधीच नाडी वाढलेली असते.

घरच्यांनी करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. झोपलेल्याला हलवून उठवू नये, पायाकडच्या बाजूने थोडं लांबून नावाने हाक मारावी. फटाके लागणार असतील तर आधी सांगून ठेवावं. दारूचं प्रमाण वाढलं, झोप उडाली, चिडचिड घर पोखरू लागली, तर वाट पाहू नये. या विकारावर समुपदेशनाचे आणि औषधांचे कसाला लागलेले उपचार आहेत. कान एकदा तपासून घ्यावेत, श्रवणयंत्राने कानातला नादही पुष्कळदा सुसह्य होतो. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, त्यावर मराठीत बोलता येतं, आणि डिसेंबर 2023 पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात फौजी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी त्याचा वेगळा कक्ष चालू झाला आहे.