एफआरपी टाकी : 9 मि.मी. जाडी कशासाठी?

एफआरपी म्हणजे काचेचे धागे रेझिनमध्ये, म्हणजे पिकून कडक होणाऱ्या चिकट द्रवात, बसवून केलेलं प्लास्टिक. आमच्या रबाळ्याच्या शेडमध्ये अशा टाकीच्या चौकशीला येणारे बहुतेक जण कोटेशन बघून पहिलं हेच विचारतात : "नऊ एमएम कशाला? दुसरीकडे सहात देतायत." हिशोबच मांडतो.

समजा 2.4 मीटर व्यासाची, 5 मीटर उंच टाकी, आत 30 टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड. तळाजवळ भिंतीचा एक सेंटिमीटर रुंदीचा आडवा पट्टा धरला, तर त्याला साधारण 70 किलोची ओढ बसते. हातानं घातलेल्या ग्लास मॅटचा (काचेच्या धाग्यांच्या चटईचा, रेझिनसकट) तेवढाच पट्टा, फक्त 1 मि.मी. जाड, तुटायला 85 किलोच्या आसपास लागतात. म्हणजे टाकी फुटू नये एवढंच बघायचं असतं तर एक मि.मी.त काम भागलं असतं!

भागत नाही, कारण लॅमिनेट (मॅट आणि रेझिनची ही भिंत) लोखंडी पत्र्यासारखं एकजीव नसतं. चिरोट्यासारखे त्याचे पदर असतात. काचेचा धागा लांबीच्या दिशेनं ओढ सहज सोसतो. पण धागा ओढीला आडवा पडला असेल तिथे, आणि दोन पदरांच्या मध्ये, सगळा भार एकट्या रेझिनवर येतो. तिथे आधी रेझिन तडकतं, केसाहून बारीक. टाकी गळत नाही, कुणाला पत्ता लागत नाही. त्या चिरेतून ॲसिड धाग्यापर्यंत पोचतं, आणि ओढीखाली असलेली साधी ई-ग्लास (नेहमीच्या धाग्याची काच) ॲसिडात फार काळ टिकत नाही.

म्हणून आम्ही टाकी फुटण्याचा हिशोब करत नाही, पहिली चीर पडण्याचा करतो. बीएस 4994 या ब्रिटिश मानकात ताकदीवर किमान 8 पट राखीव धरायला सांगितलं आहे, आणि भिंत 0.2 टक्क्यांपेक्षा, म्हणजे मीटरमागे दोन मि.मी.पेक्षा जास्त लांबू द्यायची नाही. वर सांगितलेल्या टाकीला त्यातून चौरस मीटरला 450 ग्रॅम भरणाऱ्या मॅटचे सहा पदर निघतात, सव्वासहा मि.मी.च्या आसपास. आत ॲसिडाला तोंड देणारा अडीच मि.मी.चा थर वेगळा, तो आम्ही ताकदीत मोजत नाही. झाले नऊ.

मशीनवर धागा गुंडाळून केलेल्या पाइपात प्रत्येक पदराचा कोन वेगळा, त्यामुळे हिशोबही पदरागणिक. 1971 चं त्साय-वू सूत्र पदर टिकेल की नाही हे एका आकड्यात सांगतं. 1980 चं हाशिन सूत्र धागा जाईल की रेझिन, हेही वेगळं दाखवतं. दोन्हींत फरक पडला की आम्ही कडक उत्तर घेतो. ब्रिटनमधून एकदा अशा सूत्रांच्या जाणकारांना तीच ती लॅमिनेटं सोडवायला दिली होती, तर उत्तरांत बरीच तफावत आली. तेव्हा टाकी अमुक वर्षी जाईल असं छातीठोक सांगणारा कुणी भेटला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

कुठलंच सूत्र धरत नाही ती गोष्ट म्हणजे नंतर पाडलेलं भोक. तळोज्यात एका टाकीवर आतली पातळी दाखवणाऱ्या लेव्हल गेजसाठी फिटरनं ड्रिल मारलं होतं. कड रेझिननं बंद केली नव्हती. पावसाळ्यानंतर आम्ही पोचलो तेव्हा भोकाभोवती दहाच्या नाण्याएवढं पांढरट वर्तुळ होतं. पदर सुटले होते. भोक दिसायला अगदी स्वच्छ, ड्रिलही नवं असावं.

हे तुम्हालाही तपासता येतं. मडकं घेताना टिचकी मारतो तसं भिंतीवर नाण्यानं हलकेच ठोकत जा, विशेषतः नोझलभोवती (पाइप जोडायच्या तोंडाभोवती) आणि तळाच्या वळणावर. आवाज खणखणीत आला तर ठीक. मध्येच बद्द आला तर तिथे खडूनं गोल करा, शेजारी नाणं धरून फोटो काढा आणि पाठवा. टाकीच्या आत मात्र स्वतः उतरू नका, वाफ नाही असं वाटलं तरी.

नवी टाकी ताब्यात घेताना बारकोल कडकपणा (पृष्ठभागावर छोटी सुई दाबून घेतलेलं माप) तुमच्यासमोर मोजून मागा. रेझिन कंपनीनं दिलेल्या आकड्याच्या निदान 90 टक्के यायला हवा. कमी आला तर रेझिन नीट पिकलेलं नाही. पावसाळ्यात दमट मॅट वापरली तर काम असं बिघडू शकतं. असा माल उचलू नका, आमचा असला तरी.

भोक पाडायचंच असेल तर आधी फोन करा. नव्या नोझलभोवती किती पदर चढवायचे, ते आम्ही पैसे न घेता काढून देतो.