प्रवेशशुल्क, गोल्फ क्लबांचे

गोल्फ क्लबात नव्याने दाखल होणाऱ्या सभासदाने वार्षिक वर्गणीखेरीज एकदाच भरायची रक्कम. बोलण्यात तिला ‘एंट्रन्स फी’ किंवा ‘जॉइनिंग फी’ म्हणतात. क्लब सोडताना ती परत मिळत नाही, हे तिचे मुख्य लक्षण. परत मिळणारी ठेव, विकता येणारा भाग (शेअर) आणि सभासदत्व दुसऱ्याच्या नावे करताना भरायचे हस्तांतरण शुल्क या तिन्ही रकमा तिच्याहून वेगळ्या आहेत. पण क्लबांच्या हिशेबांत त्यांची सरमिसळ सर्रास होते आणि हे शुल्क घ्यावे की नाही या वादातला बराचसा गोंधळ तिथूनच येतो.

उगम : या शुल्काचा पहिला दाखला म्हणून एडिंबराजवळच्या लीथचे १७४४ चे उदाहरण नेहमी पुढे केले जाते. त्या वर्षी एडिंबराच्या नगरपालिकेने गोल्फच्या स्पर्धेसाठी चांदीची काठी बक्षीस ठेवली. ज्याला उतरायचे असेल त्याने वहीत सही करावी आणि सही करताना पाच शिलिंग भरावेत, असे ठरले. ही वही लीथमध्ये मिसेस क्लेफन यांच्या घरी ठेवलेली असे. वरवर पाहता हे प्रवेशशुल्कच वाटते. मात्र जमलेले क्राउन, म्हणजे पाच शिलिंगांची नाणी, सर्वस्वी विजेत्याच्या स्वाधीन राहतील असेही त्याच नियमांत आहे. पैसा संस्थेकडे राहतच नव्हता. पहिल्या स्पर्धेत तो जॉन रॅट्रे या शल्यवैद्याच्या वाट्याला जायचा होता. तेव्हा याला स्पर्धेची फी म्हणणेच अधिक सयुक्तिक दिसते.

लीथच्या खेळाडूंनी (पुढची ‘ऑनरेबल कंपनी ऑफ एडिंबरा गोल्फर्स’) १७६४ च्या सुमारास स्पर्धा आपल्या सभासदांपुरती मर्यादित करून घेतली. कोणाला आत घ्यायचे हे ठरवण्याचा अधिकार तेव्हा मंडळाकडे आला. १७६८ मध्ये त्यांनी लीथला स्वतःचे ‘गोल्फ हाउस’ बांधायला घेतले. सभासदांच्या पैशातून वास्तू उभी राहिली की मागाहून येणाऱ्याने तिच्या खर्चाचा वाटा उचलावा ही अपेक्षा ओघानेच येते. प्रवेशशुल्काचा खरा आरंभ या टप्प्यावर शोधावा, असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे. याहून जुन्या असल्याचा दावा सांगणाऱ्या संस्थांचा पुरावा इथे फारसा कामी येत नाही. रॉयल बर्जेस सोसायटी आपली स्थापना १७३५ ची मानते, पण तिची उपलब्ध इतिवृत्ते १७७३ पासूनची आहेत. लंडनच्या ब्लॅकहीथचे १६०८ हे साल परंपरेने आलेले असून तिथली चांदीची काठी १७६६ ची आहे.

लीथचे मैदान सार्वजनिक होते. तिथे गुरे चरत, लोक फिरत, कपडे वाळत पडत. क्लबाच्या मालकीचे होते ते फक्त घर. १८३० च्या दशकात कंपनी आर्थिक अडचणीत आली, घर हातचे गेले आणि १८३६ मध्ये ती मसलबरोच्या सार्वजनिक मैदानावर गेली. १८९१ मध्ये ती मूरफील्डला गेली आणि तिथे तिला स्वतःपुरते मैदान मिळाले. प्रवेशशुल्काच्या इतिहासात या स्थलांतराला मोठे महत्त्व द्यायला हवे. सेंट अँड्रूजला आजही मैदाने एका सार्वजनिक न्यासाकडे आहेत (त्यासाठी १९७४ चा स्वतंत्र कायदा आहे) आणि त्यांवर खेळणारे अनेक क्लब मैदानाचे मालक नाहीत. अशा क्लबात जाणारा माणूस जमीन विकत घेण्याच्या खर्चात भागीदार होत नाही, त्यामुळे मोठ्या प्रवेशशुल्काचा आधारच तिथे कच्चा पडतो.

पैशाऐवजी श्रम हा एक पर्यायही ब्रिटनमध्ये रुजला होता. गावातल्या कष्टकरी खेळाडूंचे ‘आर्टिझन’ क्लब मोठ्या क्लबाच्या मैदानावर ठराविक वेळीच खेळत आणि त्या बदल्यात मैदानाची डागडुजी करत. डेव्हनमधला नॉर्थमचा असा क्लब १८८८ चा. ब्रिटनची ‘ओपन’ ही मोठी स्पर्धा पाच वेळा जिंकणारे जे. एच. टेलर त्याच गावचे.

ठेव आणि भाग : जपानमध्ये प्रवेशशुल्काची जागा मोठ्या प्रमाणावर ‘योताकुकिन’ या ठेवीने घेतली. नवा सभासद मोठी रक्कम क्लब चालवणाऱ्या कंपनीकडे बिनव्याजी ठेवी, मुदत सहसा दहा वर्षांची असे, आणि त्या पैशावर मैदान बांधले जाई. सभासदत्व बाजारात विकता येई. विकत घेणाऱ्याला क्लबाकडे नाव बदलण्याचे शुल्क निराळे भरावे लागे. १९८० च्या दशकातल्या तेजीत हा व्यवहार रोख्यांसारखा चालला, दलाल उभे राहिले, एका अर्थविषयक वृत्तपत्राने सभासदत्वांच्या किमतींचा निर्देशांकही सुरू केला. टोकियोजवळच्या कोगानेई क्लबाच्या सभासदत्वाचा भाव चाळीस कोटी येनांच्या घरात गेला होता. इबाराकी प्रांतातल्या एका क्लबाने अडीच-तीन हजारांची मर्यादा सांगून सुमारे पन्नास हजार सभासदत्वे विकल्याचे १९९१ मध्ये उघड झाले. इतक्या लोकांना त्या एका मैदानावर वर्षातून एकदा तरी पहाटेची वेळ कशी मिळणार होती, हा हिशेब कोणी मांडला नसावा. १९९२ मध्ये सभासद करारांवर नियंत्रण आणणारा कायदा झाला. ठेवींच्या मुदती मात्र मंदीत भरल्या. भाव कोसळलेले, सगळे एकदम पैसे मागायला आलेले, आणि पैसा तर गवताखाली पुरलेला. अनेक कंपन्या दिवाळखोरीत गेल्या आणि बरीच मैदाने परदेशी गुंतवणूकदारांच्या हाती गेली. परत मिळण्याचे वचन दिलेली रक्कम न परतणाऱ्या शुल्कापेक्षा सभासदाला अधिक सुरक्षित असते, हा समज जपानच्या अनुभवाने पुरता खोटा ठरवला.

अमेरिकेत ‘इनिशिएशन फी’, परत मिळणारी ठेव आणि क्लबाच्या मालकीतला भाग असे तिन्ही प्रकार शेजारी-शेजारी नांदतात. क्लबकॉर्प या मोठ्या कंपनीच्या बऱ्याच सभासदत्वांत ठेव ३० वर्षांनी परत मागता येत असे. पन्नाशीत दाखल झालेल्याने तिचे काय करायचे, हे त्याचे त्याने पाहावे. १९१७ पासून १९६५ पर्यंत तिथे क्लबाच्या वर्गणीवर आणि प्रवेशशुल्कावर केंद्रीय अबकारी कर होता. सिंगापूरमध्ये सभासदत्व हस्तांतरणीय, पण जमीन सरकारी पट्ट्याची. जुरोंगच्या क्लबाची जमीन २०१५ मध्ये क्वालालंपूरच्या वेगवान रेल्वेसाठी घेण्याचे जाहीर झाले. सभासदत्वाची किंमत जमिनीच्या पट्ट्याला किती घट्ट बांधलेली असते ते त्यातून दिसले. ती रेल्वे पुढे २०२० अखेर रद्दच झाली.

शुल्क घेण्याच्या बाजूने आणि विरुद्ध : समर्थकांचा मुख्य मुद्दा मघाचाच, की आधीच्या पिढ्यांनी मैदान, क्लबघर, पाण्याची सोय उभी केली, त्याचा वाटा नव्याने द्यावा. दुसरा मुद्दा गर्दीचा. जेम्स ब्युकॅनन यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या क्लबांच्या अर्थशास्त्रीय सिद्धांतानुसार अशा संस्थेत प्रत्येक नवा सभासद खर्चाचा भार हलका करतो आणि त्याच वेळी जागा अडवतो. कितीजण घ्यायचे याला म्हणून एक इष्ट मर्यादा असते. रविवारी सकाळी चार-चारच्या गटांत पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू करायच्या जागी, खोळंबलेल्यांना हे सिद्धांताशिवायही कळते. तिसरा मुद्दा टिकाऊपणाचा : मोठी रक्कम भरलेला माणूस एका वर्षात क्लब बदलत नाही.

विरोधकांचा हिशेब साधा आहे. समजा क्लबात ६०० सभासद आहेत, दरवर्षी ३० जातात आणि ३० नवे येतात. प्रत्येक नव्याकडून एक लाख रुपये घेतले तर वर्षाला ३० लाख जमतात. तेवढेच ३० लाख सगळ्यांची वर्गणी पाच-पाच हजारांनी वाढवूनही जमतात. दोन्ही मार्गांनी क्लबाच्या तिजोरीत फरक पडत नाही. फरक पडतो तो कोणाच्या खिशातून जातात यात. आणि यांपैकी कोणता मार्ग घ्यायचा हे ठरवणाऱ्या सर्वसाधारण सभेत ६०० जुने बसलेले असतात, येणारे ३० बाहेर असतात. गृहनिर्माण सोसायटीत नेमकी हीच स्थिती उद्भवते म्हणून महाराष्ट्र शासनाने सदनिका हस्तांतरणाच्या अधिमूल्यावर (प्रीमियमवर) २५,००० रुपयांची कमाल मर्यादा घातली. क्लबांना अशी मर्यादा नाही. भांडवली कामाकरिता राखून ठेवलेले आणि तसे हिशेबात दाखवलेले शुल्क समर्थनीय ठरते. रोजचा तोटा भरून काढण्यासाठी घेतलेले शुल्क म्हणजे जुन्यांच्या वर्गणीला नव्यांनी दिलेले अनुदान होय. हिशेबाच्या मानकांचा कलही साधारण याच दिशेचा आहे. आंतरराष्ट्रीय मानक आयएफआरएस १५ आणि त्यावर बेतलेले भारतीय मानक ११५ (१ एप्रिल २०१८ पासून) यांनुसार, दाखल होताना घेतलेल्या रकमेपोटी त्याच वेळी वेगळी सेवा दिली जात नसेल तर ती पुढच्या सेवेची आगाऊ रक्कम मानायची. हे मानक लागू असलेल्या संस्थेला ती सगळी पहिल्याच वर्षी उत्पन्नात धरता येत नाही.

प्रत्यक्षात मात्र प्रश्न तत्त्वापेक्षा मागणी-पुरवठ्याने सुटतो. ब्रिटनमध्ये १९८९ मध्ये आर अँड ए या नियामक संस्थेच्या अहवालाने २००० सालापर्यंत ७०० नव्या मैदानांची गरज असल्याचे म्हटले. तेव्हा प्रतीक्षायाद्या लांब होत्या. पुढच्या दशकात मैदाने भराभर झाली, याद्या ओसरल्या आणि २००८ च्या मंदीनंतर अनेक क्लबांनी प्रवेशशुल्क सोडून दिले किंवा ते हप्त्यांत घ्यायला सुरुवात केली. करोनाच्या टाळेबंदीनंतर खेळाडू वाढले तेव्हा तेच शुल्क काही ठिकाणी परतले. याच काळात क्लबांची एक मक्तेदारीही सैल झाली. अधिकृत हँडिकॅप (खेळाडूच्या कौशल्याचे आकड्यातले मोजमाप) मिळवायचा तर क्लबाचे सभासद असावे लागे. इंग्लंड गोल्फने २०२१ मध्ये ‘आयगोल्फ’ योजना आणून तो बिगरसभासदांनाही खुला केला.

भारतातील करविषयक स्थिती : या बाबतीत न्यायनिर्णय पुष्कळ आहेत. सभासदांनी सभासदांसाठी चालवलेल्या क्लबाला सभासदांकडून मिळणारा पैसा हा ‘परस्परते’च्या तत्त्वाने उत्पन्न ठरत नाही. शिवाय प्रवेशशुल्क ही भांडवली जमा आहे, महसुली नव्हे, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने १९८२ च्या डब्ल्यूआयएए क्लबाच्या खटल्यात घेतली. बँकेतल्या ठेवींवरचे व्याज या संरक्षणात येत नाही, हे बंगलोर क्लबाच्या निकालात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. प्रवेशशुल्कांचा मोठा निधी साठवून व्याजावर चालणाऱ्या क्लबांना हा निकाल जड गेला.

पैसे भरणाऱ्या कंपनीच्या बाजूने प्रश्न उलटा आहे. अधिकाऱ्यांसाठी घेतलेल्या कॉर्पोरेट सभासदत्वाचे प्रवेशशुल्क हा व्यवसायाचा चालू खर्च की भांडवली? केरळ उच्च न्यायालयाने फ्रामाटोम कनेक्टर खटल्यात तो भांडवली मानला. ओटिस एलेव्हेटर (मुंबई) आणि सॅमटेल कलर (दिल्ली) यांत कंपनीच्या बाजूने कौल मिळाला. पंजाब व हरयाणा उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानेही २०१३ मध्ये ग्रोझ बेकर्ट प्रकरणात गोल्फ क्लबाच्या मर्यादित मुदतीच्या सभासदत्वासाठी भरलेले सहा लाख रुपये चालू खर्चच ठरवले. त्याआधी २०१२ मध्ये युनायटेड ग्लास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने क्लबावरचा असा खर्च व्यवसायाचा मानला होता. कंपनीच्या हाती कोणतीही टिकाऊ मालमत्ता येत नसल्याने हा दुसरा दृष्टिकोन अधिक पटण्याजोगा आहे.

अप्रत्यक्ष करांत मात्र परस्परतेचा बचाव डळमळला आहे. कलकत्ता क्लबाच्या खटल्यात (ऑक्टोबर २०१९) सर्वोच्च न्यायालयाने विक्रीकर आणि सेवाकर यांसाठी हा बचाव मान्य केला. त्यावर उपाय म्हणून २०२१ च्या वित्त अधिनियमाने वस्तू व सेवा कर कायद्यात, १ जुलै २०१७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने, क्लब आणि सभासद या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत असे कलम घातले. प्रवेशशुल्कावर १८ टक्के कर आकारला जातो तो त्याच आधारावर. एप्रिल २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने हे कलम घटनाबाह्य ठरवले.

महाराष्ट्र : मुंबईत गोल्फ क्लब १८४२ मध्ये निघाला; तीन वर्षांनी त्याने सेंट अँड्रूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबाला दिलेले रौप्यपदक ‘बॉम्बे मेडल’ म्हणून ओळखले जाते. हे खेळाडू बहुधा शहरातल्या मोकळ्या मैदानावर खेळत, म्हणजे लीथसारखेच जमिनीविना. विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब (१९१८) भारतीयांनाही प्रवेश देण्यासाठी निघाला आणि चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. शहरी क्लबांचे प्रवेशशुल्क आज लाखांत असते, त्यातही सभासदांची मुले, सरकारी अधिकारी आणि कंपन्या यांचे दर निरनिराळे. अर्जाला सूचक आणि अनुमोदक लागतात, नाव फलकावर लागते, मग प्रतीक्षा. पैसे भरण्याची वेळ सगळ्यांत शेवटी येते.

लष्करी मैदानांची गोष्ट निराळी. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१०-११ च्या संरक्षण जमिनींवरील अहवालात देशभरातल्या ९७ लष्करी गोल्फ मैदानांचा उल्लेख आहे. त्यांनी सुमारे ८,००० एकर जमीन व्यापलेली होती. नागरिकांना सभासद करून घेतलेले शुल्क सरकारी खात्यात जमा होत नाही, असा त्या अहवालाचा आक्षेप होता.